परीक्षकांच्या मागच्या रांगेतून

पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कर्जतला थांबतात. मागे बँकर इंजिनं लागतात आणि मग गाडी घाट चढते. तेवढ्या चार-पाच मिनिटांत फलाटावर वडे विकले जातात, उतारू पाण्याच्या बाटल्या भरून घेतात, कुणी पुण्यातल्या लेकीसाठी डबा चढवतं, कुणी खिडकीशी उभं राहून राहिलेलं एक वाक्य बोलून टाकतं. थोड्या वेळात माणूस काय काय उरकू शकतो, हे कर्जतकराला वेगळं सांगावं लागत नाही. एकांकिकेचा जीवही तेवढाच असतो. पडदा वर गेला की पाऊण तासात एका माणसाचं आयुष्य रूळ बदलतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बदलतं.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला दोन अंकी व्यावसायिक नाटक बघायचं तर पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह, कल्याणचं अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर गाठावं लागतं. रात्रीचा प्रयोग असला की तिसऱ्या घंटेपासूनच परतीच्या लोकलची काळजी सुरू होते. खोपोलीकराला तर कर्जतला उतरून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी आणखी चार स्थानकं मागे टाकायची असतात. म्हणून इथल्या बहुतेकांना नाटक भेटतं ते छोट्या रूपात: गणपतीच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गावदेवीच्या यात्रेत, नाहीतर कॉलेजच्या युवा महोत्सवात. छोटं नाटक हे आपलं घरचं नाटक आहे. ते बघायचं कसं, त्यातलं चांगलं ओळखायचं कशावरून, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी होत नाही. निकाल लागला की चर्चा संपते. या प्रश्नाचा शक्य तेवढा सगळा आढावा घ्यावा, म्हणून हा लेख.

वंशावळ जुनी आहे

एकांकिका इंग्रजी अमलात आली, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने सांगितलेल्या दहा रूपकांत व्यायोग, भाण, वीथी, अंक आणि प्रहसन हे छोट्या बांधणीचे प्रकार आहेत. भासाची ‘ऊरुभंग’, ‘कर्णभार’ आणि ‘मध्यमव्यायोग’ ही नाटकं एकाच अंकाची. गणपतिशास्त्रींनी केरळातून शोधून ती 1912 मध्ये छापायला घेतली आणि मग ती पुन्हा रंगभूमीवर आली. ‘ऊरुभंग’मध्ये सगळं महायुद्ध नाही. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन आहे आणि त्याला भेटायला आलेली त्याची माणसं आहेत. छोट्या नाटकाचं सगळं शास्त्र त्यात आलं. युद्ध आवाक्याबाहेरचं असतं, जखमी माणूस आवाक्यातला असतो.

मराठीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. पुढे पौराणिक खेळांच्या जोडीला छोटे फार्स होऊ लागले आणि प्रेक्षकाला आपल्या रोजच्या जगातली माणसं रंगमंचावर दिसू लागली. 1911 पासून दिवाकरांनी, म्हणजे पुण्यातले शिक्षक शंकर काशीनाथ गर्गे यांनी, नाट्यछटा लिहिल्या. रॉबर्ट ब्राउनिंगच्या एकमुखी कवितांवरून त्यांना ही वाट दिसली. नाट्यछटेत बोलतो एकच माणूस, पण समोरचा काय म्हणाला असेल ते आपल्याला त्याच्याच बोलण्यातून कळतं. शाळाशाळांत ‘पंत मेले – राव चढले’ वर्षानुवर्षं पाठ होत आलं. त्यातून पिढ्यान्पिढ्या मुलं एक गोष्ट नकळत शिकली: जे बोललं गेलं नाही तेही नाटकात ऐकू येतं.

पुढे 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, संवाद घरातल्या बोलण्याजवळ आले, आणि एकांकिकेला लागणारी भाषा तयार झाली. पु. ल. देशपांडे यांनी ‘मोठे मासे आणि छोटे मासे’, ‘विठ्ठल तो आला आला’ अशा एकांकिका लिहिल्या आणि हौशी मंडळांनी त्या उचलल्या. रत्नाकर मतकरींची ‘वेडी माणसं’ 1955 मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सोळा. विजय तेंडुलकरांचा ‘रात्र आणि इतर एकांकिका’ हा संग्रह 1957 चा. ज्यांना आपण पुढे मोठे नाटककार म्हणून ओळखलं, त्यांतल्या अनेकांनी आपला हात आधी एकांकिकेवर बसवला.

छोट्या अंगाने मोठं काम

हात बसवायची पाटी म्हणून एकांकिकेकडे बघायची सवय मात्र तिच्यावर अन्याय करते. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ 1967 मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात आली. ती वाचून विजया मेहतांनी हा लेखक हेरला आणि त्याच्या एकांकिका रंगायन या संस्थेतर्फे रंगमंचावर आणल्या. त्यांची ‘होळी’ बघा. कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं होळीची सुट्टी मिळाली नाही म्हणून चिडली आहेत. इतकीच सुरुवात. तक्रार क्षुल्लक आहे, मुलं नेहमीची आहेत, टिंगलही नेहमीची आहे. पण ती टिंगल घट्ट होत जाते, त्यांच्यातल्याच एका मुलावर उलटते आणि एक जीव जातो. मधे विसावा नाही, दुसरा अंक नाही. ही गोष्ट अडीच तासांत पसरली असती तर प्रत्येक मुलाचं घर आलं असतं, कारणं आली असती, प्रेक्षकाला सावरायला वेळ मिळाला असता. तो मिळत नाही, यातच ‘होळी’चं बळ आहे. केतन मेहतांनी 1984 मध्ये तिच्यावर चित्रपट केला.

सतीश आळेकरांच्या ‘मेमरी’, ‘भजन’ आणि ‘झुलता पूल’ या एकांकिकांनी वेगळं काम केलं. सरळ गोष्ट सांगण्याऐवजी त्यांनी आठवण, बडबड आणि खेळ यांच्यातून माणसाची कोंडी दाखवली. ‘महानिर्वाण’ लिहिणारा लेखक इथे आपली लय शोधताना दिसतो.

आणि प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’. 1977 च्या सुमाराची ही एकांकिका आजवर असंख्य ठिकाणी झाली, अनेक भारतीय भाषांत गेली. मोठा सेट नाही, पात्रांची गर्दी नाही. तहान आणि पाणी नाकारणारी जात एवढाच ऐवज आहे. ज्या रायगड जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 ला झाला, त्या जिल्ह्यात ही एकांकिका दरवर्षी कुठे ना कुठे व्हायला हवी. मेमध्ये विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरणाऱ्या वाड्यांच्या तालुक्यात तर तिला प्रस्तावनेची गरजच नाही. गज्वी 2019 मध्ये नागपूरच्या 99व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी त्यांची ओळख आजही या छोट्या नाटकाचीच आहे. दत्ता भगतांची ‘आवर्त’ त्याच पिढीतली. तमाशाचं अंग घेऊन तिने दलित रंगभूमीला वेगळा सूर दिला. स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी 1983 मध्ये ‘मुलगी झाली हो’ लिहिलं. मांडणीने ते शुद्ध एकांकिका नाही, पण छोटं, फिरतं, गाण्यांनी भरलेलं नाटक काय करू शकतं याचा तो दाखला आहे. चौकात, गावात, वस्तीत त्याचे हजारो प्रयोग झाले.

या सगळ्यांत एक धागा दिसतो. समाजाने जे बोलायचं टाळलं, ते बऱ्याचदा आधी एकांकिकेत बोललं गेलं. तिचा खर्च कमी, तिला निर्माता लागत नाही, तिला तिकीटबारीची भीती नाही.

स्पर्धेने दिलं, स्पर्धेने घेतलं

मराठी एकांकिका जगली ती स्पर्धांमुळे, हे आधी ऋण मानून सांगायला हवं. शासनाची हौशी नाट्यस्पर्धा 1954 पासून आहे, ती मुख्यतः मोठ्या नाटकांची. महाराष्ट्रीय कलोपासकने पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि भरत नाट्य मंदिरात कॉलेजांच्या आरोळ्या घुमू लागल्या. मुंबईत आयएनटीची स्पर्धा, ‘अस्तित्व’ची एकाच कल्पनेवर अनेक लेखकांना लिहितं करणारी ‘कल्पना एक, आविष्कार अनेक’, चतुरंगची 25 जानेवारीला रात्रभर चालणारी ‘सवाई’, 2014 पासूनची ‘लोकांकिका’ आणि आपल्या शेजारी पनवेलला होणारा अटल करंडक. कामगारांसाठी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आहेत. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका हा मानाचा प्रकार आहे, आणि कर्जत-खोपोलीची कॉलेजं याच विद्यापीठाखाली येतात. जगात फार थोड्या भाषांत विशीतली इतकी मुलं दरवर्षी नवं नाटक लिहून, बसवून, स्पर्धेत उतरवत असतील.

पण स्पर्धेची एक रीत असते आणि ती रीत नाटकात उतरते. परीक्षकांच्या कागदावर लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत असे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याला वेगळं बक्षीस असतं. साहजिकच प्रत्येक विभागाला आपण दिसावं असं वाटतं. प्रकाश दर मिनिटाला बदलतो. संगीत शांततेला जागाच ठेवत नाही. नेपथ्य टेम्पोतून येतं, ते लावायला पंधरा मिनिटं पुरत नाहीत. कॉलेजातल्या सगळ्या मुलांना रंगमंचावर यायचं असतं म्हणून दोन माणसांच्या गोष्टीत वीस जणांचा समूह शिरतो. शेवटी टाळी हवी म्हणून एखादं पात्र पुढे येऊन विषयाचं भाषण करतं. यातलं काहीही मूळचं वाईट नाही. वाईट हे की गरज नाटकाची असते की गुणपत्रिकेची, हे करणाऱ्यालाच कळेनासं होतं.

2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी अंतिम फेरीत करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा बराच वाद झाला. मुलांवर अन्याय झाला असं काहींना वाटलं, दर्जाबद्दल कोणीतरी स्पष्ट बोललं असं काहींना वाटलं. मला त्यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. एकांकिकेबद्दल बोलण्याची जागा आपल्याकडे फक्त निकालपत्र आहे, म्हणून करंडक रिकामा राहिला तर तेवढंच बोललं जातं. त्या वर्षीच्या लेखकांनी काय लिहिलं होतं, ते कुठे जमलं, कुठे निसटलं, हे प्रेक्षकांपर्यंत पोचलंच नाही.

दुसरा तोटा आयुष्याचा. मुलं पदवी घेऊन बाहेर पडली की एकांकिकाही बंद होते. बऱ्याच संहिता छापल्या जात नाहीत, वहीत किंवा मोबाइलमध्ये राहतात. सहा महिन्यांची तालीम, दोन-तीन प्रयोग आणि शेवट. ज्यांच्याबद्दल ती लिहिलेली असते त्या माणसांनी ती पाहिलेली नसते.

आजचे लेखक

तरीही आजचं लेखन निस्तेज आहे असं मी म्हणणार नाही. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका म्हणून स्पर्धांत गाजली, मग 2017 च्या डिसेंबरात भद्रकालीने ती ‘संगीत देवबाभळी’ या पूर्ण नाटकाच्या रूपात आणली. 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही तिला मिळाला. तुकोबांची भाकरी घेऊन रानात निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो, आणि मग तिच्या घरी लखुबाई होऊन रखुमाई येते. दोघींच्या बोलण्यात तुकाराम आणि विठ्ठल सतत आहेत, पण रंगमंचावर ते नाहीत. गैरहजर माणसाला एवढं जिवंत ठेवणं हे एकांकिकेचं खास कसब आहे, आणि ते जमलं म्हणूनच ती गोष्ट पुढे दोन तास तोलू शकली.

त्याच शहरातल्या दत्ता पाटील यांनी ‘हंडाभर चांदण्या’ या नाटकात टँकरची वाट बघणारं गाव उभं केलं. सचिन शिंदे यांनी ते बसवलं. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं आणि शेती करणारी मुलं ते घेऊन महाराष्ट्रभर फिरली. ही दोन्ही मोठी नाटकं आहेत. पण लिहिणारा हात पुण्या-मुंबईच्या बाहेर राहूनही राज्यभरच्या प्रेक्षकाला हलवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केलं. कर्जत-खालापूरच्या मुलांना हेच उदाहरण हवं आहे. मुंबई इतकी जवळ असल्यामुळे आपली मुलं मुंबईचीच गोष्ट लिहायला बसतात.

आजच्या एकांकिकांत मला तीन विषय वारंवार दिसतात: मोबाइलने माणसामाणसांत उभं केलेलं अंतर, शेतकऱ्याची आत्महत्या आणि बाईच्या देहावरचा हक्क. विषय खरे आहेत. धोका हा की विषय मोठा निवडला की लेखकाचं काम झालं असं वाटू लागतं. गळफासाचा दोर टांगलेला दाखवणं सोपं आहे. त्या शेतकऱ्याने आदल्या संध्याकाळी बायकोला मीठ संपलंय का हे विचारलं, तिने काय उत्तर दिलं आणि त्या उत्तरानंतर तो किती वेळ गप्प बसला, हे लिहायला नाटककार लागतो.

बघायची कशी

मग प्रेक्षकाने काय बघावं? शाळेच्या हॉलात मागच्या रांगेत बसून बरीच वर्षं एकांकिका पाहिल्यावर मला काही खुणा सापडल्या, त्या इथे मांडतो.

पहिली खूण सुरुवातीची. चांगली एकांकिका उशिरा सुरू होते, म्हणजे गोष्ट बरीच घडून गेलेली असते आणि आपण तिच्या शेवटच्या तासात शिरतो. भाई कोतवालांचं उदाहरण घ्या. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल 1 डिसेंबर 1912 ला माथेरानला जन्मले, वकील झाले, स्वातंत्र्यलढ्यात आझाद दस्ता उभा करून त्यांनी विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते शहीद झाले. आपल्याकडे त्यांच्यावर कार्यक्रम होतात तेव्हा जन्मापासून हौतात्म्यापर्यंत सगळं अर्ध्या तासात धावतं, आणि भाई मनात राहत नाहीत, सनावळी राहते. पण समजा नाटक सुरूच झालं सिद्धगडावरच्या शेवटच्या रात्री. थंडी आहे, शेकोटी पेटवायची की नाही यावर दोघांचं एकमत होत नाही. पेटवली तर धूर दिसेल, नाही पेटवली तर सोबतचा आजारी पोर गारठेल. हा प्रसंग मी कल्पनेने रचला आहे, पण एकांकिका अशाच एका निर्णयातून सगळा माणूस दाखवते.

दुसरी खूण, काय दाखवलेलं नाही. आयरिश लेखक जे. एम. सिंग यांची ‘रायडर्स टू द सी’ 1904 साली डब्लिनला झाली. अर्ध्या तासाच्या आसपासचं नाटक, एका कोळ्याच्या झोपडीतलं. समुद्राने तिथल्या म्हातारीचे मुलगे एकेक करून नेले आहेत आणि शेवटचाही जातो. समुद्र रंगमंचावर कधीच येत नाही. ओल्या कपड्यांचं गाठोडं येतं, आणि ते पुरतं.

हे वाचताना मला इर्शाळवाडी आठवते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या या ठाकरवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. यावर कोणी एकांकिका लिहिली तर डोंगर कोसळतानाचा प्रकाश आणि आवाज यांचा मोह होईल. तो आवरावा. वाचलेली माणसं चौकजवळच्या कंटेनरांत राहिली. तिथे एखादी बाई अर्ज भरते आहे, नवऱ्याच्या नावापुढे काय लिहायचं यावर तिचं पेन थांबलं आहे, एवढ्यात नाटक आहे. आणि ते लिहिणाऱ्याने करंडकाला पाठवायच्या आधी त्या माणसांसमोर वाचून दाखवावं. त्यांनी नको म्हटलं तर ठेवून द्यावं. दुसऱ्याच्या दुःखावर टाळी घेण्याचा हक्क कोणालाही आपोआप मिळत नाही.

तिसरी खूण भाषेची. आगरी, कुणबी, ठाकरी आणि कातकरी बोलणं आपल्या दोन तालुक्यांत रोज कानावर पडतं. पण एकांकिकेत ही बोली आली की प्रेक्षक आधी हसतो, कारण वर्षानुवर्षं तिला विनोदी नोकराच्या तोंडीच घातलं गेलं. बोली चांगली वापरली आहे का, हे ओळखायची सोपी कसोटी आहे: ते पात्र दुःख, प्रेम किंवा कायदा यांबद्दल त्याच बोलीत बोलतं का? की गंभीर वेळ आली की पुस्तकी मराठीत शिरतं? शिरत असेल तर लेखकाचा त्या माणसावर विश्वास नाही.

चौथी खूण वस्तूची. रंगमंचावरच्या प्रत्येक वस्तूने काहीतरी करायला हवं. एक बाजलं, एक हंडा, एक बंद पडलेलं घड्याळ पुरेसं असतं. भाड्याने आणलेल्या नेपथ्याच्या फ्लॅट्सनी घर उभं राहतं, पण नटाने कोपऱ्यातला हंडा उचलताना तो रिकामा आहे हे खांद्यावरून दाखवलं तर घर दिसतं. गरीब मंडळाने याची लाज बाळगू नये, ती त्याची ताकद आहे.

शेवटची खूण शेवटाचीच. काही एकांकिका शेवटच्या वाक्यात धक्का देतात आणि तो धक्का म्हणजेच सगळं नाटक असतं. अशी एकांकिका दुसऱ्यांदा बघवत नाही. दुसऱ्यांदा बघताना शेवट माहीत असूनही जी घट्ट धरून ठेवते, ती खरी. ‘होळी’ अशी आहे, ‘घोटभर पाणी’ अशी आहे. प्रेक्षकाने स्वतःला घरी जाताना एवढं विचारावं: मला आठवतंय ते काय, कलाटणी की माणूस? उत्तर ‘माणूस’ असेल तर लेखक जिंकला, करंडक कोणालाही मिळो.

आपल्याकडे काय करता येईल

भाताची झोडणी उरकली की मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत आपल्या गावांत यात्रा, पालख्या, सप्ताह आणि माघी गणपती यांची रांग लागते. या प्रत्येक ठिकाणी मांडव असतो, माइक असतो, जागरणाची तयारी असते आणि माणसं आपणहून येतात. पुण्या-मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीला हा प्रेक्षक मिळत नाही. छबिलदास शाळेच्या हॉलात सत्तरच्या दशकात आविष्कारने जे केलं, त्याचं मर्म एवढंच होतं की नाट्यगृहाची वाट न बघता मिळेल त्या हॉलात नाटक केलं. दादरच्या शाळेत जमलं ते कशेळे, कडाव, चौक किंवा मोहोपाड्याच्या शाळेत न जमण्याचं कारण नाही.

माझ्या लहानपणी गावच्या यात्रेत मोठी नाटकं होत. महिनाभर तालमी चालत, पहाटेपर्यंत खेळ चाले. ते दिवस गेले. नोकरीसाठी रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला महिनाभर तालीम शक्य नाही आणि पहाटेपर्यंत जागरणही नाही. पण चार जणांना आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड तास देणं शक्य आहे, आणि पाहणाऱ्याला पाऊण तास. आजच्या आपल्या दिनक्रमात मावणारं नाटक हेच आहे.

मंडळांनी दोन गोष्टी पाळाव्यात. लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि जमेल तेवढं मानधन द्यावं. नवा लेखक रकमेपेक्षा विचारलं याने जास्त सुखावतो. आणि जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते बघावं. शाळा-कॉलेजच्या शिक्षकांनी स्पर्धेत हरलेली एकांकिकाही गावात एकदा करून दाखवायला मुलांना सांगावं. परीक्षकांना न आवडलेली गोष्ट गावाला लागू पडते, हे मी पाहिलं आहे. एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झालेली, जमीन विकून फार्महाऊसचा रखवालदार झालेल्या बापाची एकांकिका पुढे एका गावात गणपतीसमोर झाली. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. एक म्हातारा उठला आणि आपल्या विकलेल्या वावराचा गट नंबर त्याने माइकवर सांगितला. मग दुसऱ्याने सांगितला. त्या रात्री अर्धा तास लोक बोलत होते. एकांकिकेचं रसग्रहण याहून वेगळं काय असतं?

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. येत्या माघी गणपतीत आपल्या मांडवातली एक संध्याकाळ एका नव्या लेखकाच्या एकांकिकेला द्या. फलकावर देणगीदारांच्या वर लेखकाचं नाव लिहा. खेळ संपल्यावर लगेच दिवे घालवू नका, नटांना आणि प्रेक्षकांना समोरासमोर बसवा आणि अर्धा तास थांबा.